आजअखेर आणि गतवर्षी याच तारखेअखेर : जमेची तुलना कशी करावी

(सभासद व विद्यार्थी मेळाव्यात हिशेब समितीच्या वतीने दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यात आम्ही हिशेबावर बोलावे अशी सूचना आली, तिचे आम्ही स्वागत करतो. हिशेब हा विषय सभेत अगदी शेवटी घ्यायचा अशी बहुतेक संस्थांत प्रथा असते. तोवर चहा आलेला असतो, लांबून आलेली मंडळी गाडीची वेळ पाहत असतात, खजिनदार आकडे वाचतात, मागून दोन-तीन जण "मंजूर, मंजूर" म्हणतात आणि सभा संपते. वर्षभर पै-पै जमवणाऱ्या माणसांनी त्या पैशाचा हिशेब मात्र उभ्या-उभ्या ऐकावा, हे बरे नव्हे. म्हणून आज आम्ही एकच प्रश्न घेऊन आलो आहोत आणि तो सावकाश सोडवणार आहोत.

प्रश्न असा : यंदाची आपली जमा गेल्या वर्षीपेक्षा वाढली आहे की घटली आहे?

प्रश्न दिसतो साधा. पण कल्याणकारी संस्थेत याच प्रश्नाच्या उत्तरावर पुढचे निर्णय ठरतात. दुसऱ्या सत्राची फी किती मुलामुलींची भरायची, वह्या-पुस्तके किती जणांना द्यायची, अभ्यासिकेचे दिवे रात्री किती वाजेपर्यंत चालू ठेवायचे, हे सारे वर्षाच्या मध्यावर ठरवावे लागते. वर्ष संपून ताळेबंद हाती येईपर्यंत परीक्षा होऊन गेलेल्या असतात. म्हणजे अर्धवट वर्षाच्या आकड्यांवरच निर्णय घ्यावा लागतो, आणि अर्धवट वर्षाचे आकडे वाचताना घोटाळा फार लवकर होतो.

धरणाचा पाणीसाठा आणि संस्थेची जमा

या विषयाची ओळख आपणा सर्वांना आधीपासून आहे. पावसाळा सुरू झाला की वर्तमानपत्रात धरणांच्या पाणीसाठ्याचा तक्ता येतो. कोयना, जायकवाडी, उजनी अशी नावे एकाखाली एक असतात. समोर आजचा साठा, आणि त्याच्या शेजारी दुसरा रकाना, "गतवर्षी याच दिवशी". शेतकरी आधी त्या दुसऱ्या रकान्याकडे पाहतो. जुलैच्या दहा तारखेचा साठा गेल्या ऑक्टोबरमधल्या भरलेल्या धरणाशी ताडून "यंदा पाणी घटले" असे कोणी म्हणत नाही. साखर कारखान्याच्या फलकावरही "आजअखेर गाळप" लिहिलेले असते आणि त्याची तुलना गेल्या हंगामाच्या त्याच दिवसाशी केली जाते.

पाण्याच्या आणि उसाच्या बाबतीत आपण जे शहाणपण सहज वापरतो, ते पैशाच्या बाबतीत मात्र विसरतो. सभेत खजिनदार म्हणतात, "आतापर्यंत इतके जमले." लगेच कोणी तरी गेल्या वर्षीचा छापील अहवाल उघडतो, त्यात पूर्ण वर्षाचा आकडा पाहतो आणि म्हणतो, "मग आपण फारच मागे आहोत."

उदाहरणासाठी आकडे घेऊ. हे आकडे समजण्यापुरते घेतलेले आहेत. समजा, एका संस्थेची २०२३-२४ या पूर्ण वर्षाची जमा ६,००,००० रुपये होती. पुढच्या वर्षी ३० सप्टेंबर २०२४ अखेर २,७०,००० रुपये जमले. एक सभासद म्हणतात, "सहा महिने झाले, निम्मे म्हणजे ३,००,००० हवे होते. आपण ३०,००० ने मागे आहोत. फीच्या मदतीला हात आखडता घ्या." त्यांचा हेतू चांगला आहे, गुणाकार-भागाकारही बरोबर आहे. पण वर्षाची जमा बारा महिन्यांत सारखी वाटून येत नसते. ३० सप्टेंबर २०२३ अखेर किती जमले होते हे पाहिले तर आकडा निघतो २,४०,००० रुपये. म्हणजे यंदा संस्था ३०,००० ने पुढे आहे, साडेबारा टक्के वाढ आहे.

३०,००० ची तीच रक्कम एका तुलनेत तूट ठरली आणि दुसरीत वाढ. पहिली तुलना ऐकून समितीने दहा मुलांची फी थांबवली असती, तर त्या मुलांचे नुकसान पैसा नसल्यामुळे झाले नसते, चुकीच्या रकान्याशी ताडल्यामुळे झाले असते. या विषयाचे गांभीर्य आम्हांला वाटते ते एवढ्यासाठीच.

वहीपासून तक्त्यापर्यंत

आपल्याकडे १ एप्रिल ते ३१ मार्च हे आर्थिक वर्ष १८६७ पासून सरकारी हिशेबात चालत आले आहे. सार्वजनिक न्यासांचे हिशेबही महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली सहसा ३१ मार्चला बंद करून तपासून घेतले जातात. जुन्या पद्धतीत रोजची जमा-खर्चाची नोंद किर्दीत होई, किर्दीवरून खतावणी होई आणि खतावणीवरून वर्षअखेर ताळेबंद. प्रत्येक पानाच्या तळाशी "पुढील पानावर नेले" आणि नव्या पानाच्या माथ्यावर "मागील पानावरून आणले" असे लिहीत. ही "मागील पानावरून आणलेली" रक्कम म्हणजेच आजअखेरची बेरीज. कल्पना जुनीच आहे. अडचण एवढीच, की गेल्या वर्षीच्या १५ सप्टेंबरची बेरीज हवी असेल तर जुनी वही काढून पुन्हा बेरीज मांडावी लागे. तीन वर्षांची हवी असेल तर तीन वह्या. इतका वेळ कोणाला नसे, म्हणून ती तुलना होत नसे.

संगणकावरच्या तक्त्याने, म्हणजे स्प्रेडशीटने, हा वेळ वाचवला. १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन या दोघांनी अॅपल-२ संगणकासाठी व्हिझिकॅल्क हा पहिला लोकप्रिय तक्ता आणला. १९८३ साली लोटस १-२-३ आला, १९८५ साली मॅकिंटॉशसाठी आणि १९८७ साली विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टचा एक्सेल आला. आज लिब्रेऑफिस कॅल्कसारखा तक्ता फुकट मिळतो आणि गूगल शीट्स मोबाइलवरही चालते. आपल्यापैकी अनेक विद्यार्थ्यांनी एमएस-सीआयटीच्या अभ्यासात तक्ता हाताळला आहे. तेव्हा साधन नाही ही सबब आता उरलेली नाही.

तक्ता कसा मांडावा

पहिला नियम : प्रत्येक वर्षाला वेगळे पान करू नका. सर्व वर्षांच्या पावत्या एकाच पानावर, एकाखाली एक घ्या. ए स्तंभात तारीख, बी मध्ये पावती क्रमांक, सी मध्ये तपशील, डी मध्ये जमेचा प्रकार आणि ई मध्ये रक्कम. एका पावतीला एक ओळ. मध्ये रिकाम्या ओळी नकोत, महिन्याच्या शेवटी बेरजेची ओळ तर मुळीच नको, कारण तीही रक्कम म्हणून पुन्हा मोजली जाईल.

दुसरा नियम : तारीख हीच किल्ली आहे. संगणक तारखेला अंक समजतो. १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरून तो दिवस मोजत जातो. त्या मोजणीत १ एप्रिल २०२५ म्हणजे ४५७४८ वा दिवस. म्हणून एखाद्या चौकटीत तारखेऐवजी असा पाच आकडी अंक दिसला तर घाबरू नका. चौकटीला तारखेचे रूप द्या, तारीख दिसेल. तारीख हा अंक असल्यामुळेच "या दिवसापासून त्या दिवसापर्यंत" असे संगणकाला सांगता येते.

आता सूत्रे. संगणकावर सूत्रांची नावे इंग्रजी अक्षरांत टंकावी लागतात. येथे ती उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत.

के१ या चौकटीत आपण हाताने एकच गोष्ट लिहायची, ती म्हणजे ज्या दिवसापर्यंतचा हिशेब हवा ती तारीख. समजा, ३०-०९-२०२५.

के२ मध्ये त्या आर्थिक वर्षाचा पहिला दिवस काढायचा :

=डेट(इयर(के१)-इफ(मंथ(के१)<४,१,०),४,१)

याचा अर्थ असा. के१ मधल्या तारखेचे साल घे. महिना चारपेक्षा लहान असेल, म्हणजे जानेवारी, फेब्रुवारी किंवा मार्च असेल, तर सालातून एक वजा कर. मग त्या सालाचा ४ था महिना आणि १ ली तारीख मांड. फेब्रुवारी २०२६ मध्ये बसून हिशेब केला तरी वर्षाची सुरुवात १ एप्रिल २०२५ हीच निघते.

के३ मध्ये आजअखेरची जमा :

=सम्इफ्स($ई:$ई,$ए:$ए,">="&के२,$ए:$ए,"<"&(के१+१))

म्हणजे ई स्तंभातल्या रकमांची बेरीज कर, पण फक्त त्या ओळींची, ज्यांची तारीख वर्षाच्या पहिल्या दिवशी किंवा त्यानंतरची आहे आणि आपण लिहिलेल्या दिवसाच्या दुसऱ्या दिवसाआधीची आहे. हे सूत्र एक्सेलमध्ये २००७ च्या आवृत्तीपासून आले.

"दुसऱ्या दिवसाआधीची" असा वळसा कशासाठी, असे विद्यार्थी विचारतील. बँकेच्या उताऱ्यातून उचललेल्या नोंदींत कधी तारखेबरोबर वेळही असते. ३० सप्टेंबरची दुपारी अडीचची नोंद संगणकाच्या दृष्टीने ३० सप्टेंबरपेक्षा थोडी मोठी असते, कारण दिवसाचा अपूर्णांक तिला जोडलेला असतो. "३० सप्टेंबर किंवा त्याआधी" असे सांगितले तर शेवटच्या दिवसाची ती जमा गळून पडते. "१ ऑक्टोबरच्या आधी" असे सांगितले की गळत नाही.

आता गतवर्ष. शेजारच्या एल१ मध्ये लिहा :

=ईडेट(के१,-१२)

म्हणजे के१ मधल्या तारखेच्या बारा महिने मागची तारीख. एल२ मध्ये त्याचप्रमाणे =ईडेट(के२,-१२). मग के३ चे सूत्र उचलून एल३ मध्ये ठेवा. गतवर्षी याच तारखेअखेरची जमा समोर येईल. एल स्तंभ तसाच एम मध्ये उतरवला की त्याच्या मागचे वर्ष. तीन वर्षे शेजारी-शेजारी उभी राहतात आणि पुढच्या महिन्यात फक्त के१ मधली तारीख बदलली की तिन्ही वर्षांचे आकडे आपोआप बदलतात.

सूत्रात डॉलरचे चिन्ह आहे, ते पैशाचे नव्हे. सूत्र उजवीकडे सरकवले की त्यातले पत्तेही उजवीकडे सरकतात, के२ चे एल२ होते. ते आपल्याला हवेच आहे. पण रकमेचा ई स्तंभ आणि तारखेचा ए स्तंभ सरकून चालणार नाही. डॉलरचे चिन्ह म्हणजे त्या स्तंभाला ठोकलेली खुंटी. गाय दोरीच्या लांबीपुरती फिरते, खुंटी जागची हलत नाही.

शेवटी के४ मध्ये वाढ-घटीची टक्केवारी :

=इफ(एल३=०,"",(के३-एल३)/एल३)

गतवर्षीची जमा शून्य असेल तर शून्याने भागता येत नाही, म्हणून चौकट रिकामी ठेवण्याची सोय आधीच केली आहे.

लीप वर्षाबद्दल एक शब्द. २९ फेब्रुवारी २०२४ च्या बारा महिने मागे गेलो तर ईडेट २८ फेब्रुवारी २०२३ देते, ते योग्यच आहे. पण २८ फेब्रुवारी २०२५ च्या मागे गेलो तर २८ फेब्रुवारी २०२४ मिळते आणि २९ तारखेच्या पावत्या बाहेर राहतात. महिनाअखेरचा हिशेब असेल तर ईडेटऐवजी ईओमंथ हे सूत्र वापरावे. ते त्या-त्या महिन्याचा शेवटचा दिवस देते.

सूत्र बरोबर, आकडा चूक

सूत्र बरोबर असूनही आकडा चुकू शकतो, कारण सूत्र नोंदींवर चालते. नोंदींत नेहमी आढळणारे चार दोष सांगतो.

पहिला, तारखेचे अक्षर होणे. १५.०९.२०२५ अशी टिंबे देऊन लिहिलेली तारीख पुष्कळदा संगणकाला तारीख वाटतच नाही. ती नुसती अक्षरे राहतात आणि बेरजेत येत नाहीत. ओळखायची खूण सोपी आहे. चौकटीची मांडणी आपण बदललेली नसेल तर खरी तारीख चौकटीच्या उजव्या कडेला टेकते, अक्षरे डाव्या कडेला.

दुसरा, दिवस-महिन्याची अदलाबदल. संगणकाची मांडणी अमेरिकी पद्धतीची असेल तर ०५-०६-२०२५ हे ५ जून न धरता ६ मे धरले जाते. १३ तारखेनंतर हा दोष लगेच पकडला जातो, पण १ ते १२ तारखांच्या नोंदी चुपचाप दुसऱ्या महिन्यात जाऊन बसतात. म्हणून नवी वही उघडताना आधी तारखेची मांडणी तपासावी.

तिसरा, ऱ्हस्व-दीर्घ. जमेच्या प्रकाराप्रमाणे वेगळी बेरीज हवी असेल तर सूत्रात डी स्तंभाची आणखी एक अट घालता येते, उदाहरणार्थ "देणगी". पण एकाने "देणगी" लिहिले, दुसऱ्याने "देणगि" आणि तिसऱ्याने "देणगी " असे पुढे रिकामी जागा सोडून लिहिले, तर संगणकाच्या लेखी ते तीन वेगळे प्रकार आहेत. म्हणून डी स्तंभात हाताने लिहू नये. ठरावीक प्रकारांची यादी करून त्यातूनच निवडण्याची सोय तक्त्यात असते, ती लावून घ्यावी.

चौथा, कोणती तारीख धरायची हे ठरलेले नसणे. २९ मार्चला धनादेश मिळाला, बँकेत एप्रिलमध्ये जमा झाला. तो कोणत्या वर्षाचा? आपल्या लेखापरीक्षकांना विचारून एक नियम ठरवावा आणि सर्व वर्षांना तोच लावावा. एका वर्षी पावतीची तारीख आणि दुसऱ्या वर्षी बँकेची तारीख धरली तर ती तुलना राहत नाही.

या सर्वांवर एक कसोटी आहे. के१ मध्ये ३१-०३-२०२५ लिहा. जी बेरीज येईल ती २०२४-२५ च्या तपासलेल्या हिशेबातील जमेशी जुळली पाहिजे. जुळली तरच चालू वर्षाच्या आकड्यावर विश्वास ठेवा.

तिथी आणि तारीख

आता अशी एक गोष्ट, जी संगणकाला ठाऊक नसते, आपल्याला ठाऊक असते. आपल्याकडचे पुष्कळ सण-उत्सव तिथीने येतात आणि त्यांच्याबरोबर जमाही सरकते. १४ एप्रिल ही तारीख ठरलेली आहे, तिच्या जमेची तुलना सोपी. बुद्धपौर्णिमा मात्र २०२३ साली ५ मे रोजी होती, २०२४ साली २३ मे रोजी आणि २०२५ साली १२ मे रोजी. समजा, आपण १५ मे अखेरचा तक्ता काढला. २०२३ आणि २०२५ च्या रकान्यांत पौर्णिमेच्या दिवशीची दानपेटी आणि पावत्या आलेल्या असतील, २०२४ च्या रकान्यात नसतील. २०२४ साली बसून तो तक्ता पाहणारा म्हणेल, जमा कोसळली. २०२५ साली पाहणारा म्हणेल, जमा उसळली. वास्तविक दोन्ही वेळी काहीच घडलेले नाही, फक्त चंद्राची गती आणि आपले कॅलेंडर यांत आठवड्या-दोन आठवड्यांचा फरक पडला.

ऑक्टोबरमध्येही तेच. धम्मचक्र प्रवर्तन दिन कोठे १४ ऑक्टोबर या तारखेस, तर कोठे विजयादशमीस साजरा होतो. विजयादशमी २०२२ साली ५ ऑक्टोबरला होती, २०२३ साली २४ ऑक्टोबरला, २०२४ साली १२ ऑक्टोबरला आणि २०२५ साली २ ऑक्टोबरला. १० ऑक्टोबर अखेरचा तक्ता काढला तर चारपैकी दोन वर्षांत तो दिवस येतो, दोन वर्षांत येत नाही.

उपाय दोन आहेत. एक, तुलनेची तारीख अशी निवडावी की सर्व वर्षांत तो दिवस होऊन गेलेला असेल. ३१ मे आणि ३१ ऑक्टोबर या तारखा वरील वर्षांसाठी सोयीच्या आहेत. दुसरा, उत्सवाची जमा डी स्तंभात वेगळ्या प्रकाराने नोंदवावी. मग ती वगळून नित्याच्या जमेची तुलना कोणत्याही तारखेला करता येते.

ज्या विद्यार्थ्यांच्या घरी दुकान आहे त्यांनी याहून नवलाची गोष्ट लक्षात घ्यावी. गुढीपाडवा २०२३ साली २२ मार्चला होता, २०२४ साली ९ एप्रिलला आणि २०२५ साली ३० मार्चला. म्हणजे १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२४ या आर्थिक वर्षात पाडवा एकदाही आला नाही आणि त्याच्या पुढच्या आर्थिक वर्षात दोनदा आला. पाडव्याला ज्या दुकानात मोठी विक्री होते, त्याच्या दोन वर्षांची तुलना तारखेने कितीही अचूक केली तरी ती या एका गोष्टीमुळे फसवी ठरेल. येथे सूत्राचे काम संपते आणि माणसाचे सुरू होते.

रक्कम किती आणि हात किती

नुसत्या रकमेवर समाधान मानू नये असेही आम्ही सुचवतो. एखाद्या दात्याने एकदाच मोठी रक्कम दिली तर त्या वर्षाचा आकडा फुगतो आणि पुढच्या वर्षी तीच जमा घटल्यासारखी दिसते. कायम निधीसाठी दिलेली देणगी तर नित्याच्या खर्चाला वापरायची नसते, ती या तुलनेत मुळीच धरू नये. अशा रकमांना डी स्तंभात स्वतंत्र प्रकार द्यावा.

त्याबरोबर पावत्यांची संख्या मोजावी :

=काउंटइफ्स($ए:$ए,">="&के२,$ए:$ए,"<"&(के१+१))

समजा, रक्कम गतवर्षीइतकीच आहे, पण पावत्या ४०० वरून २५० वर आल्या आहेत. रक्कम पाहून कोणी काळजी करणार नाही. पण पन्नास-शंभर रुपये देणारी दीडशे घरे यंदा आली नाहीत, हे त्या दुसऱ्या आकड्यातून कळते. ती का आली नाहीत हे विचारायला कार्यकर्त्यांनी त्यांच्या दारी गेले पाहिजे. कोणाची नोकरी गेली असेल, कोणी गाव सोडले असेल, कोणाला गेल्या वर्षीची पावतीच मिळाली नसेल. संगणक इतकेच सांगतो की दार ठोठावा.

सभासदांस आणि विद्यार्थ्यांस विनंती

सभासद बंधू-भगिनींनो, तुम्ही सर्वांनी सूत्रे शिकलीच पाहिजेत असे आमचे म्हणणे नाही. पण सभेत आकडा वाचला गेला की तीन प्रश्न अवश्य विचारा. हा आकडा कोणत्या तारखेअखेरचा आहे? गतवर्षी याच तारखेअखेर किती होता? आणि या दोहोंत एकरकमी किंवा सणाची जमा किती आहे? हे विचारणे म्हणजे खजिनदारांवर अविश्वास दाखवणे नव्हे. ज्या खजिनदाराला हे प्रश्न दरवेळी विचारले जातात, त्याचा हिशेब नीट राहतो आणि त्याच्यावर खोटा आळ घेण्याची कोणाची हिंमत होत नाही. हिशेब उघडा असला की बोलणाऱ्यांची तोंडे आपोआप बंद होतात.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याकडे आम्ही काम मागतो. आपल्या घरच्या विजेच्या बिलांपासून सुरुवात करा. तीन वर्षांची बिले एका तक्त्यात भरा आणि वर सांगितलेली चार सूत्रे स्वतः लिहून पाहा. नुसती उतरवू नका, एखादा आकडा मुद्दाम चुकवा आणि बेरीज कशी बदलते ते पाहा. एकदा हात बसला की हीच सूत्रे दुकानात, पतसंस्थेत, शाळेच्या कार्यालयात आणि मोठ्या कंपनीतही चालतात. विक्री असो, वसुली असो वा उपस्थिती असो, "वर्षाच्या सुरुवातीपासून आजपर्यंत किती आणि गतवर्षी याच वेळी किती" हा प्रश्न सगळीकडे विचारला जातो. मुलाखतीत प्रमाणपत्र दाखवणारे पुष्कळ असतात, प्रश्न सोडवून दाखवणारे थोडे.

शेवटी एक सूचना कार्यकारिणीपुढे ठेवतो. दर तिमाहीच्या अखेरीस संस्थेच्या फलकावर चार ओळींचा तक्ता लावावा. त्यात यंदाची आजअखेरची जमा, गतवर्षी याच तारखेअखेरची जमा, टक्केवारीतील वाढ-घट आणि पावत्यांची संख्या असावी. खाली एका वाक्यात खुलासा असावा, जसे की "यंदा विजयादशमी २ ऑक्टोबरला होती, ३० सप्टेंबर अखेरच्या जमेत त्या दिवसाची रक्कम नाही." तक्ता तयार करण्यासाठी दोन विद्यार्थी आणि तो पावतीपुस्तकांशी ताडून पाहण्यासाठी एक ज्येष्ठ सभासद असे तिघे नेमावेत. फीच्या मदतीचा निर्णय जेव्हा समोर येईल तेव्हा समितीने हा तक्ता पुढ्यात घेऊनच तो करावा, म्हणजे कोणा मुलाची फी केवळ चुकीच्या तुलनेपायी अडणार नाही.

 चहानंतर मागच्या टेबलावर संगणक उघडा ठेवलेला आहे. ज्यांना सूत्रे प्रत्यक्ष करून पाहायची आहेत त्यांनी आपली वही घेऊन अवश्य यावे.